समुद्रकाठी आठ दिवस, चूल आपली : सायप्रस बेटाच्या सहलीचा हिशेब



या पानावर मी एरवी बेणे, हुमणी, खोडवा आणि पाचट याविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. कारण असे की, मे महिन्यात मी दहा दिवस रजेवर होतो आणि परत आल्यापासून गट ऑफिसवर एकच प्रश्न विचारला जातो, "साहेब, परदेशात समुद्रावर गेला होता म्हणे? कोणत्या कंपनीबरोबर? खर्च किती आला?" एकेकाला सांगता सांगता चहा गार होतो. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांना याचा विशेष उपयोग होईल.

पहिली गोष्ट ही की आम्ही कोणत्याही कंपनीबरोबर गेलो नव्हतो. घर भाड्याने घेतले, स्वयंपाक स्वतः केला आणि आपल्या मनाप्रमाणे फिरलो. जाणारी माणसे पाच. माझे थोरले बंधू (ते आपल्या कारखान्याचे जुने सभासद आहेत), वहिनी, आमची सौ., मी आणि जर्मनीहून आलेला पुतण्या.

बेत का केला?

पुतण्याला जर्मनीत जाऊन साडेतीन वर्षे झाली होती. नवी नोकरी, थोडी रजा, त्यामुळे गावी येणे झाले नव्हते. मागील दिवाळीत त्याने फोनवर वडिलांना सुचवले, "आबा, तुमच्याच्याने आता रात्रीची दारी धरणं होत नाही. नदीकडची चार एकर विकून टाका, नाही तर कायमची खंडानं द्या." दादांनी फोन वहिनींच्या हातात दिला आणि उठून गेले. त्यानंतर पाच महिने बापलेकांचे बोलणे "बरा आहेस का" आणि "बरा आहे" याच्या पुढे गेले नाही. वहिनी मात्र मधल्या मधे झुरत होत्या.

तेव्हा पुतण्यानेच मला कळवले, "काका, मला आठच दिवस रजा आहे. गावी आलो तर निम्मी रजा पाहुण्यांत जाईल आणि मूळ बोलणं राहूनच जाईल. मधेच कुठंतरी भेटू." मधे म्हणजे कुठे? नकाशा काढला. जर्मनीहून विमानाने सुमारे चार तासांच्या अंतरावर आणि आपल्याला आखातात एकदा विमान बदलून पोहोचता येईल असे बेट सापडले, ते सायप्रस. पुतण्या म्हणाला, "तिथं तुमच्या कामाचंही एक ठिकाण आहे." ते काय, ते पुढे येईल.

दादांची पहिली हरकत रास्तच होती. "मे महिन्यात उसाला पाणी कोण देणार?" ऑक्टोबरात तिथला समुद्र उबदार असतो, पण तेव्हा आपला हंगाम तोंडावर येतो आणि शेतकी खात्याला रजा कुठली? जुलैत आडसालीच्या लागणी सुरू. शेवटी मे महिन्याचा दुसरा पंधरवडा ठरला. चुलतभावाला पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहून दिल्या, मोटारीच्या किल्ल्या दिल्या आणि निघालो. सहलीचे नियोजन असे घरच्या विहिरीपासूनच सुरू करावे लागते.

बेटाची ओळख

सायप्रस हे भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाचे बेट. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षा थोडे मोठे. मध्ये त्रूदोस नावाचा डोंगर, त्याचे सर्वांत उंच शिखर १,९५२ मीटर. इंग्रजांचा अंमल १८७८ पासून होता, १९६० साली देश स्वतंत्र झाला. इंग्रजांच्या वेळच्या दोन सोयी आपल्याला फार उपयोगी पडतात. एक, तिथे गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. दोन, बहुतेक दुकानदारांना इंग्रजी येते. विजेची प्लग मात्र चौकोनी तीन पायांची लागते, ती इथूनच न्यावी.

दुसरी ध्यानात ठेवण्याची बाब. १९७४ पासून हे बेट दोन भागांत विभागलेले आहे. उत्तरेकडील भाग तुर्की सैन्याच्या ताब्यात आहे आणि मधल्या पट्ट्यावर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आहे. ही सेना १९६४ साली आली. आपले जनरल थिमय्या हे तिचे प्रमुख होते आणि १९६५ च्या डिसेंबरात तिथेच कामावर असताना त्यांचे निधन झाले. लार्नाका शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. प्रवाशाने लार्नाका किंवा पाफोस याच विमानतळांवर उतरावे. उत्तरेकडील विमानतळावरून बेटावर येणे तेथील सरकार बेकायदा मानते.

१९७४ पूर्वी समुद्रकाठच्या सहलींची मुख्य ठिकाणे फामागुस्ता आणि किरेनिया ही होती. ती दोन्ही उत्तरेकडे गेली. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रसवासी घरेदारे, बागा सोडून दक्षिणेत आले. त्यांनी दक्षिण किनाऱ्यावर पुन्हा पहिल्यापासून संसार उभे केले. आज लिमासोल, पाफोस, आयिया नापा इथे जी हॉटेले आणि भाड्याची घरे दिसतात, त्यांतली पुष्कळशी त्यानंतरच्या काळातली. धरणात गावे गेलेल्या आपल्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

कागदपत्रे आणि पैसा

हा देश २००४ पासून युरोपीय संघात आहे आणि २००८ पासून तिथे युरो हे चलन चालते. भारतीयांना व्हिसा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून दिल्लीतील सायप्रसच्या उच्चायुक्तालयाकडून ताजी माहिती घ्यावी आणि दोन-अडीच महिने हाताशी ठेवून अर्ज करावा.

शेतकऱ्याची अडचण अशी की आयकराचे विवरणपत्र बहुधा नसते. आम्ही दादांच्या अर्जाबरोबर ऊसबिल जमा होणाऱ्या खात्याचे बँकेचे उतारे, सातबारा व त्याचे इंग्रजी भाषांतर, सभासदत्वाचा दाखला आणि परतीच्या तिकिटाची नोंद अशी कागदे जोडली. प्रवासाचा विमा काढला. मुलाने सही केलेले पत्रही जोडले. हा माणूस परत येणार आहे, त्याची जमीन आणि उभे पीक इथे आहे, हे कागदावरून दिसले पाहिजे. उसाइतका चांगला जामीन दुसरा कोणता!

इथे एक धोक्याची सूचना. शहरातल्या एका एजंटाने आम्हाला सांगितले, "आधी सगळे पैसे भरा, व्हिसा होतोच." आम्ही भरले नाहीत. व्हिसा हातात पडेपर्यंत, रद्द केल्यास पैसे परत मिळतील असेच घर आणि शक्यतो तसेच तिकीट घ्यावे. थोडे महाग पडले तरी चालेल.

घर कसे निवडावे?

दोन खोल्या, बैठकीत एक पलंग होणारा सोफा आणि स्वयंपाकघर असे घर आम्ही आठ रात्रींसाठी घेतले. भाडे रोज ८५ युरो, एकूण ६८० युरो. पाच माणसांत विभागले तर माणशी रोज १७ युरो पडतात. हॉटेलात तीन खोल्या घ्याव्या लागल्या असत्या आणि तीन वेळचे जेवण बाहेर. फरक उघड आहे.

गाव निवडले पिसूरी. लिमासोल आणि पाफोस या दोन शहरांच्या साधारण मध्यावर, द्राक्षांसाठी प्रसिद्ध. लार्नाका विमानतळापासून सुमारे शंभर किलोमीटर. आणि इथेच आमची एक चूक झाली, ती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. जाहिरातीत लिहिले होते, "समुद्र पाच मिनिटांवर." पोहोचल्यावर कळले की ती पाच मिनिटे मोटारीची! गाव टेकडीवर आणि समुद्र खाली, तीनेक किलोमीटर. उतरताना मजा, पण चढताना वहिनींचे गुडघे बोलू लागले. मोटार भाड्याने घेतलेली होती म्हणून निभावले. तेव्हा "जवळ", "दृष्टिपथात" असल्या शब्दांवर जाऊ नये. अंतर किलोमीटरमध्ये विचारावे, चढ आहे का, पायऱ्या किती, हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. शेतमोजणीत आपण नजरअंदाज चालू देत नाही, मग इथे का द्यावा?

शहरांदरम्यान बसगाड्या चांगल्या आहेत, पण खेड्यांना फेऱ्या थोड्या. चार-पाच माणसे असतील तर मोटार परवडते. आपल्याकडून जाणाऱ्याने आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा. महामार्गावर वेगाची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे.

चुलीची व्यवस्था

वहिनींनी मुलासाठी पाच किलो साजूक तूप आणि दोन डबे पेढे बांधले होते. निघण्याच्या आदल्या रात्री मी नियम वाचून दाखवला. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजी भाजी, फळे, रोपे, बियाणे हेही दाखल्याशिवाय नेता येत नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत. डबे उघडून शेजारच्या पोरांना पेढे वाटले आणि रात्री जागून सुक्या खोबऱ्याच्या करंज्या तेलात तळल्या. तेव्हा ज्यांना मुलांसाठी काही न्यायचे आहे, त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे, म्हणजे असा विरस होणार नाही.

आम्ही बरोबर नेले ते असे : कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पीठ, मेतकूट, एक बिडाचा तवा आणि लहान प्रेशर कुकर. तिथे गॅस नव्हता, विजेची सपाट शेगडी होती. ती तापायला वेळ लावते आणि जाळ नसल्यामुळे भाकरी फुगवता येत नाही. पहिल्या दिवशीच्या भाकऱ्या पापडासारख्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सौ.ने युक्ती काढली, तव्यावर अर्धी भाजून पुढे ओव्हनच्या कडक आचेत टाकली. फुगली!

बाजारात गेल्यावर मात्र परकेपणा पुष्कळसा गेला. बटाटे उत्तम, तांबड्या मातीतले. टोमॅटो, काकडी, मसूर, हरभरे आहेत. चवळी तर तिथले रोजचे अन्न, पालेभाजीबरोबर शिजवून वर ऑलिव्हचे तेल घालतात. कोथिंबीर मिळते. एका टोपलीत घोळाची भाजी पाहून वहिनी तिथेच खाली बसल्या. ती मंडळी घोळ कच्चीच खातात. भेंडी पुढे उन्हाळ्यात येते आणि हिवाळ्यात अळकुड्याही मिळतात, तिथे त्यांना कोलोकासी म्हणतात. गव्हाच्या भरड्याला पुरगुरी म्हणतात, त्याचा आम्ही उपमा केला. हलूमी नावाचे शेळ्या-मेंढ्यांच्या दुधाचे घट्ट चीज आहे, ते तव्यावर भाजले तरी वितळत नाही.

गोडात दोन जिन्नस विशेष. द्राक्षाचा रस आटवून केलेला पाक आणि कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगांचा पाक. दोन्ही दिसायला थेट आपली काकवी. कॅरोबला पूर्वी तिकडे 'काळे सोने' म्हणत, कारण पाण्याशिवाय येणारे ते रोख पीक होते. पुतण्याने भाकरीबरोबर तो पाक खाल्ला आणि म्हणाला, "आई, गुऱ्हाळाची आठवण झाली." साडेतीन वर्षांनी त्या माउलीच्या तोंडावर हसू दिसले, ते तिथे.

समुद्रस्नान

मे अखेरीस समुद्राचे पाणी वीस-एकवीस अंश असते. सुरुवातीला गार लागते, मग बरे वाटते. ऑगस्टात ते सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत जाते, पण तेव्हा ऊन आणि गर्दी दोन्ही फार. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दक्षिण किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ नसतोच. कोकणातल्यासारखी मोठी भरती-ओहोटी तिथे नाही, पाणी दिवसभर जवळपास एकाच रेषेवर असते. ते आपल्या समुद्रापेक्षा खारटही अधिक, त्यामुळे अंग सहज तरंगते.

परंतु बेसावध राहू नये. आमच्या दादांनी उभ्या हयातीत साठ फूट विहिरीत उड्या मारल्या आहेत. "मला काय शिकवतोस," म्हणून ते सरळ आत गेले. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही, समुद्राचे ओढते. एका लाटेने त्यांना आडवे केले, नाकातोंडात पाणी गेले. पुतण्या धावला, हात धरून काठावर आणले. बराच वेळ दोघे वाळूत बसून होते. कोणी काही बोलत नव्हते, पण दादांनी हात सोडवून घेतला नाही, हे मी पाहिले.

म्हणून नियम : जिथे जीवरक्षक असेल तिथेच उतरावे. लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊल टाकू नये. दुपारी अकरा ते चार उन्हात बसू नये, काळ्या कातडीलाही ते ऊन भाजते. पाय पोळू नयेत म्हणून पाण्यात चालतील असे रबरी जोडे असावेत, कारण काही ठिकाणी वाळूऐवजी गोटे आहेत. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक फिरवावा.

उसाचे जुने गाव

आता तुमच्या-माझ्या कामाचे ठिकाण. पिसूरीहून अर्ध्या तासाच्या आत कोलोसी हे गाव आहे. तिथे १४५४ साली बांधलेला तीन मजली चौकोनी किल्ला उभा आहे. आणि किल्ल्याला लागून काय आहे, तर साखरेचा कारखाना! कमानींचे लांब दगडी दालन, बाहेर उसाचे तुकडे चिरडण्याचे प्रचंड दगडी चाक आणि पाणी आणणारा उंच पाट.

ऊस आपल्या बाजूचा. 'शर्करा' हा आपला शब्द. इराणात त्याचे शकर झाले, अरबांकडे सुक्कर, आणि ग्रीक लोक आजही साखरेला झाखरी म्हणतात. अरबांनी ऊस भूमध्य समुद्राच्या काठी नेला. तेराव्या ते पंधराव्या शतकांत सायप्रसची साखर व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत युरोपभर जात होती. कोलोसीचा ऊस 'हॉस्पिटलर' या धर्मयोद्ध्यांच्या संघाचा. शेजारच्या एपिस्कोपीचा ऊस व्हेनिसच्या कोर्नारो घराण्याचा. मिलानचा पिएत्रो कासोला हा यात्रेकरू १४९४ साली एपिस्कोपीला गेला, तेव्हा त्याने तिथे चारशेंवर माणसे राबताना पाहिल्याचे लिहून ठेवले आहे.

रस काढून तांब्याच्या कढयांत आटवीत आणि शंकूच्या आकाराच्या मातीच्या भांड्यांत ओतीत. भांड्याच्या टोकाला भोक असे, त्यातून काकवी खालच्या मडक्यात ठिबकत राही आणि वर साखर उरे. असली भांडी पाफोसकडच्या कुकलिया गावी उत्खननात निघाली आहेत. आज आपल्याकडे सेंट्रिफ्यूगल मशीन मिनिटांत जे करते, ते काम तिथे भोकातून ठिबकून आठवडेच्या आठवडे चाले.

दोन्ही मळे एकाच कुरिस नदीचे पाणी पीत आणि त्या पाण्यावरून धर्मयोद्धे व कोर्नारो यांचे तंटे झाले. मी हे सांगताच दादा मोठ्याने हसले, "म्हणजे आपल्या पाटावरचीच भांडणं की ही!"

मग त्यांनी विचारले, "आणि आता ऊस कुठाय?"

ऊस नाही. साखरधंदा सोळाव्या शतकात उतरला आणि पुढे संपला, त्याची जागा कापसाने घेतली. कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पहिले, मदैरा बेटावरची आणि नंतर ब्राझीलची स्वस्त साखर बाजारात आली. दुसरे, कढयांखाली घालायला सरपण लागे, आणि बेटावरचे रान काही अमर्याद नव्हते. तिसरे पाणी. उसाला पिकाच्या काळात १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. लिमासोलला वर्षाचा पाऊस सुमारे चारशे मिलिमीटर आणि तोही थंडीत, जेव्हा ऊस वाढत नाही. उन्हाळ्यात ऊस वाढायला लागतो तेव्हा आभाळ कोरडे. आपल्याकडे वाढीच्या काळातच पावसाळा येतो, हे आपले केवढे भाग्य! तिथे उसाचा प्रत्येक घोट नदीतून वळवावा लागे. आणि राबणारी माणसे वेठबिगार व गुलाम. कारखान्यात त्यांचा वाटा शून्य. धंदा गेला तेव्हा रडायला मालकाखेरीज कोणी नव्हते.

त्याच कुरिस नदीवर आता धरण आहे, १९८८ साली पुरे झालेले. बेटावरचे सर्वांत मोठे, आणि क्षमता ११.५ कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत चार टीएमसी. उजनीची ११७ टीएमसी आठवा. २००८ च्या दुष्काळात तर ग्रीसहून जहाजांनी पिण्याचे पाणी आणावे लागले. आता समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने आहेत. म्हणूनच पाहुण्यांनीही नळ जपून वापरावा अशी तिथल्या लोकांची अपेक्षा असते.

कोलोसीच्या आसपास आज संत्र्या-लिंबांच्या बागा आहेत. दादा एका बागेच्या कडेला खाली बसले. झाडाखाली बोटाएवढी काळी नळी. त्यांनी नळीजवळची माती उकरली, ओली. हातभर पलीकडची उकरली, कोरडी फुफाटा. पुन्हा अलीकडची उकरली. मी दहा वर्षे ठिबकाच्या शिबिरांत हेच बोंबलून सांगतो आहे, पण तेव्हा मी तोंड मिटून घेतले.

मग पुतण्या म्हणाला, "आबा, मी जमीन विका म्हणालो ते रागानं नाही. रात्री दोनला लाईट येते, तुम्ही एकटे पाटावर जाता. तिकडं मला झोप लागत नाही."

दादा म्हणाले, "मग तसं म्हणायचं. विका का म्हणालास?"

एवढेच बोलणे झाले. परंतु संध्याकाळी टेकडीवरच्या ओट्यावर बापलेक उशिरापर्यंत कागदावर आकडे मांडत होते. सौ. म्हणाली, "जेवायला बोलावू का?" मी म्हटले, "राहू दे."

या सहलीने सगळे प्रश्न सुटले असे मी लिहिणार नाही. पुतण्या परत येणार की नाही, हे त्याचे त्यालाही ठाऊक नाही. दादांनी चार एकरांपैकी एकाच एकरावर ठिबक घ्यायचे ठरवले आहे आणि "बघू कसं होतंय" असे म्हणतात. मात्र चार एकरांतले एक गुंठाही विकायचे नाही, हे दोघांच्या संमतीने ठरले. आणि आता दर रविवारी फोन येतो, तो वहिनींच्या हातात जात नाही, दादाच घेतात.

निघण्यापूर्वी थोडक्यात

१. शेतावरच्या पाण्याच्या पाळ्या आणि जबाबदार माणूस आधी ठरवा, तिकीट मागाहून.

२. पासपोर्टची मुदत तपासा. व्हिसासाठी दोन-अडीच महिने ठेवा. ऊसबिलाचे बँक उतारे जपून ठेवा.

३. व्हिसा मिळेपर्यंत परत न मिळणारे पैसे भरू नका.

४. घराचे समुद्रापासूनचे अंतर, चढ, पायऱ्या, शेगडीचा प्रकार आणि भांडी लेखी विचारा.

५. तूप, पेढे, खवा, ताजी भाजी आणि बेणे नेऊ नका. मसाला, पीठ, तवा, कुकर न्या.

६. एकूण खर्चाचे पाच भाग करा : तिकीट, व्हिसा व विमा, घर, मोटार, किराणा. त्यावर दहावा हिस्सा अडीनडीसाठी वेगळा काढा.

७. सहलीसाठी कर्ज काढू नका. दादांनी दोन हंगाम शेवटच्या बिलातून थोडे थोडे बाजूला ठेवले होते आणि निम्मा भार मुलाने उचलला. एवढे जमत नसेल तर आपले कोकण काही दूर नाही. चूल तिथेही मांडता येते.

माझ्यासारखा डिप्लोमा झालेला साधा माणूस आणि सातवी शिकलेले माझे बंधू, आम्ही हे करू शकलो. तेव्हा ज्यांची मुले दूरदेशी आहेत, त्यांनी मुलांची वाट पाहत बसण्यापेक्षा एकदा अर्ध्या वाटेवर जाऊन त्यांना भेटावे. कोणाला व्हिसाच्या अर्जासोबतच्या कागदांची यादी हवी असल्यास शनिवारी गट ऑफिसवर यावे, मी दाखवीन.

येताना ठिबकाचा अर्जही घेऊन जावा, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी